राजवाड्याखालचा हमाम

स्पेनच्या दक्षिणेकडचे हाएन हे शहर ऑलिव्हच्या तेलासाठी जगभर ओळखले जाते. शहराबाहेर नजर जाईल तिथवर ऑलिव्हच्या बागा, आत टेकडीच्या उतारावर चढत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि त्या गल्ल्यांमध्ये एक भारदस्त दगडी वाडा. विय्यार्दोम्पार्दोच्या काउंटचा हा वाडा सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. हा काउंट म्हणजे फर्नांदो दे तोरेस इ पोर्तुगाल. १५८५ ते १५८९ या काळात तो पेरूचा व्हाइसरॉय होता. स्पेनच्या राजाच्या वतीने दक्षिण अमेरिकेचा मोठा भाग त्याच्या हुकमतीखाली होता. आज वाड्यात लोककला आणि जुन्या चालीरीतींचे संग्रहालय आहे. पण इथे येणारे बहुतेक लोक वरच्या दालनांकडे वळण्याआधी जिना उतरून खाली जातात.

खाली अकराव्या शतकातला सार्वजनिक हमाम आहे. क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस मीटर. इतका मोठा आणि इतका धड राहिलेला अरबी हमाम युरोपात फार कमी ठिकाणी बघायला मिळतो. काउंटच्या गवंड्यांनी त्याच्या भिंती पायासारख्या वापरल्या, काही भाग भराव घालून बुजवला आणि वर वाडा चढवला. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे खाली काय आहे याची कोणाला फारशी आठवण राहिली नाही. १९१३ मध्ये एन्रिके रोमेरो दे तोरेस हे अभ्यासक हाएन प्रांतातल्या ऐतिहासिक वास्तूंची यादी करत हिंडत होते. वाड्याच्या तळघरात शिरल्यावर आपण एका हमामात उभे आहोत हे त्यांनी ओळखले. १९३१ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे यादवी युद्ध आले, कामे रखडली, आणि वास्तुविशारद लुइस बेर्खेस रोल्दान यांच्या देखरेखीखालचे जीर्णोद्धाराचे काम १९८४ मध्ये पूर्ण झाले. त्या कामाला युरोपा नोस्त्रा या वारसा संस्थेचे पदक मिळाले.

चार खोल्यांची चढण

हमामात शिरणारा माणूस थंडीकडून उष्णतेकडे सरकत जातो. खोल्या एकामागून एक अशाच क्रमाने बांधलेल्या असतात आणि हाएनचा हमाम हा क्रम अगदी स्पष्ट दाखवतो.

पहिली खोली कपडे उतरवण्याची. लांबट, सुमारे १४ मीटरची, दोन्ही टोकांना कमानींनी वेगळे केलेले कोनाडे. इथे पैसे द्यायचे, कपडे ठेवायचे, कमरेला पंचा गुंडाळायचा आणि पायांत लाकडी खडावा चढवायच्या. स्नान उरकल्यावर घामाघूम अंग निवेपर्यंत विसावायची जागाही हीच. बाराव्या शतकात अल्मोहाद राजवटीत इथे गिलाव्यावर नक्षी कोरली गेली. तिचे तुकडे अजून दिसतात.

दुसरी खोली थंड. ती अरुंद आहे, कारण इथे फार वेळ कोणी काढत नसे. बाहेरची हवा आणि आतली वाफ यांच्यामधला हा उंबरठा.

तिसऱ्या, कोमट खोलीत पाऊल टाकताच जागा एकदम मोकळी होते. सुमारे ११ मीटर बाजूची ही चौरस खोली आहे. मधोमध अर्धगोल घुमट, त्याला तोलणाऱ्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी आणि त्यांच्याखाली दगडी स्तंभ. घुमटात आणि आजूबाजूच्या छतांत ताऱ्यांच्या आकाराचे झरोके आहेत. दुपारी त्यांतून उजेडाचे तिरके पट्टे जमिनीवर उतरतात. स्पेनमधल्या हमामांचा हा विशेष आहे: सर्वांत मोठी आणि सर्वांत देखणी खोली गरम खोली नसते, कोमट खोली असते. लोक खरा वेळ इथेच काढत. अंग चोळून घेणे, केस कापणे, दाढी, मेंदी आणि मुख्य म्हणजे गप्पा, सगळे इथे चाले.

चौथी खोली गरम. तिच्या भिंतीपलीकडे भट्टी आणि पाण्याचा हंडा. गरम खोलीत माणूस जेमतेम काही मिनिटे टिकत असे. घाम फुटला, छिद्रे मोकळी झाली की परत कोमट खोलीत यायचे आणि अंग चोळून घ्यायचे.

जमिनीखालचा जाळ

हमाम बघताना झरोक्यांकडे बघून भारावून जाणे सोपे आहे, पण या इमारतीचे खरे कौशल्य पायाखाली दडलेले आहे. गरम खोलीची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर टेकलेली असते. खाली पोकळी. भट्टीतला जाळ आणि धूर या पोकळीतून फिरतो, वरची फरशी तापवतो आणि मग भिंतींतल्या धुराड्यांमधून वर निघून जातो. भट्टीवर तांब्याचा मोठा हंडा. जुन्या वाड्यांतला आपला पाण्याचा बंब एकाच जाळावर पाणी तापवी. हमामाची भट्टी पाणी, जमीन, भिंती आणि हवा अशी चारही कामे एका जाळावर करून घेई. तापलेल्या फरशीवर पाणी ओतले की वाफ तयार. त्या फरशीवर अनवाणी उभे राहणे अशक्य, म्हणून खडावा.

ही युक्ती अरबांनी शोधलेली नाही. रोमन लोकांच्या स्नानगृहांत जमीन याच पद्धतीने तापवत आणि थंड, कोमट, गरम हा खोल्यांचा क्रमही तिथलाच. सातव्या-आठव्या शतकांत सीरिया आणि जॉर्डनच्या प्रदेशात उमय्यद खलिफांची सत्ता आली, तेव्हा तिथे रोमन धाटणीची स्नानगृहे वापरात होती. जॉर्डनच्या वाळवंटातला कुसेर अम्रा हा आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला छोटा महाल त्या संक्रमणाचा साक्षीदार आहे. पुढे खलिफा झालेल्या वलीद बिन यझीदने तो बांधून घेतला. त्याच्या गरम खोलीच्या घुमटावर राशीचक्रासह आकाशाचा नकाशा रंगवलेला आहे आणि भिंतींवर स्नान करणाऱ्या स्त्रियांची चित्रे आहेत. १९८५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

बदल झाला तो पाण्याच्या वापरात. रोमन माणूस हौदात उतरत असे. पोहण्यासारखे मोठे तलाव आणि व्यायामाचे आखाडे हा त्यांच्या स्नानगृहाचा भाग होता. हमामात पाणी अंगावर ओतून घ्यायची रीत पडली. इस्लाममध्ये नमाजाआधीच्या शुद्धीसाठी वाहते, स्वच्छ पाणी महत्त्वाचे मानले जाते. शिवाय कोरड्या प्रदेशात मोठे तलाव भरणे परवडणारे नव्हते. वाफ आणि बादलीभर पाणी यांत काम भागले की इंधन वाचे, पाणी वाचे आणि इमारतही लहान होई. त्यामुळे अरबी शहरात मोहल्ल्यामोहल्ल्यात, बहुधा मशिदीच्या जवळ, हमाम उभे राहिले.

इमारतीतला प्रत्येक तपशील वाफ सांभाळण्यासाठी आहे. भिंती जाड. दोन खोल्यांमधली दारे लहान, म्हणजे ऊब निसटत नाही. छत सपाट नाही, कमानदार. वाफेचे थेंब वळणावरून ओघळत भिंतीकडे जातात, डोक्यावर टपकत नाहीत. बाहेर बघणारी खिडकी एकही नाही. झरोके आतून रुंद आणि वर निमुळते असतात. उजेड पसरतो, पण उष्णता फारशी बाहेर पडत नाही. ते झाकता-उघडता येत, काही ठिकाणी त्यांवर काचही असे. जमिनीला उतार दिलेला, सांडपाणी चरांतून बाहेर. झरोक्यांचा तारा हा शोभेचा आकार आहे यात शंका नाही, पण त्या छिद्रांचे पहिले काम वाफेचा दाब आणि उजेड यांचा मेळ घालण्याचे होते.

भट्टीचा उरलेला निखाराही वाया जात नसे. कैरोमध्ये फूल मुदम्मस हा बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांचा पदार्थ हमामाच्या भट्टीवर रात्रभर मंद शिजत ठेवत आणि सकाळी गावभर विकत. मोरोक्कोतल्या माराकेश शहरात तांजिया हा मांसाचा पदार्थ मातीच्या उभट मडक्यात भरून हमामाच्या राखेत पुरण्याची पद्धत अजून टिकून आहे. मडके सकाळी भट्टीवाल्याकडे द्यायचे, काही तासांनी न्यायचे.

पंचा, खडावा आणि नियम

हाएनमध्ये हा एकच हमाम नव्हता. अल-हिम्यरी या अरब भूगोलकाराच्या ग्रंथात शहरातल्या अनेक हमामांची नावे आहेत. त्यांतला एक बैलाचा हमाम म्हणून प्रसिद्ध होता, कारण तिथे संगमरवराचा बैल होता. कोर्दोबा ही खिलाफतीची राजधानी असताना तिथे कित्येक शे हमाम असल्याचे जुने लेखक सांगतात. त्यांचे आकडे ३०० पासून ९०० पर्यंत जातात, म्हणजे त्यांत फुगवटा आहे हे उघड आहे. पण हमामांची संख्या सांगून शहराची थोरवी सांगायची पद्धत होती, एवढे त्यातून नक्की कळते.

एवढे लोक रोज अर्धनग्न अवस्थेत एकत्र येणार म्हटल्यावर नियम आलेच. सेव्हिलमध्ये बाराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्न अब्दून याने बाजार आणि शहर-व्यवस्थेवर एक नियमावली लिहिली. त्यात तो बजावतो की हमामातल्या पाण्याच्या टाक्या झाकलेल्या असाव्यात, नाहीतर त्या घाण होतात; आणि ही तर शुद्धीची जागा. अंग चोळणारा, न्हावी आणि नोकर यांनी कमरेला काही न गुंडाळता आत फिरू नये, अशीही त्याची ताकीद आहे. नियम लिहावा लागला याचा अर्थ तो मोडला जात होता.

चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशालाही हेच खटकले. इजिप्तमधल्या मिन्या गावी हमामात शिरला तर लोक बिनापंचाचे न्हाताना दिसले. तो तडक तिथल्या अधिकाऱ्याकडे गेला आणि त्याने हमामचालकांना जरब बसवायला लावली. याउलट बगदादच्या हमामांचे त्याने तोंड भरून कौतुक केले आहे. जमीन आणि भिंतींचा खालचा भाग डांबराने लिंपलेला, वरचा भाग पांढराशुभ्र. प्रत्येकाला स्वतंत्र कोनाडा आणि तीन पंचे: एक आत जाताना गुंडाळायला, एक बाहेर येताना आणि एक अंग पुसायला. हाच प्रवासी पुढे महंमद तुघलकाच्या पदरी राहिला, त्याचा दूत म्हणून चीनकडे निघताना दौलताबादेत आला, आणि मराठ्यांच्या मुलखाविषयीही त्याने लिहिले आहे.

स्त्रियांसाठी हमामाचे महत्त्व पुरुषांहून जास्त होते. दिवसाचे किंवा आठवड्याचे काही तास फक्त त्यांचे असत. लग्नाआधी नवरीला, बाळंतपणानंतर आईला तिथे नेले जाई. घराबाहेर, पुरुषांच्या नजरेआड, अनेक घरांच्या बायका एकत्र जमण्याची अशी दुसरी जागा शहरात क्वचितच होती. सोयरिकी जुळवताना मुलगी नीट बघून घेण्याचे कामही सासवा इथेच उरकत.

राजेरजवाड्यांसाठी मात्र हमाम धोक्याची जागा होती. अंगावर शस्त्र नाही, चिलखत नाही, पहारेकरी बाहेर. १०१८ मध्ये कोर्दोबाचा खलिफा अली बिन हम्मूद याला त्याच्याच गुलामांनी हमामात ठार केले. हाएनवर स्वारी करण्याची त्याची तयारी चालू होती, आणि बखरींप्रमाणे हा खून कोर्दोबातच झाला. पण हाएनमधली दंतकथा तो खून आपल्या हमामात झाला असे सांगते. इजिप्तचा सुलतान ऐबक १२५७ मध्ये असाच स्नान करताना मारला गेला. त्याच्या खुनाचा ठपका आलेली त्याची राणी शजर अद-दुर्र हिचा शेवट त्याच वर्षी झाला. सवतीच्या दासींनी तिला खडावांनी बडवून मारले.

ख्रिस्ती राजांचे हमाम

१२४६ मध्ये कास्तिलचा राजा तिसरा फर्नांदो याने दीर्घ वेढ्यानंतर हाएन घेतले. शहर त्याच्या हवाली करणारा शासक मुहंमद बिन नस्र हाएनजवळच्याच आर्होना गावचा. त्याने फर्नांदोचे मांडलिकत्व पत्करले आणि ग्रानादाचे राज्य राखले. अल्हाम्ब्रा उभारणारे घराणे ते हेच.

ख्रिस्ती सत्ता आली की हमाम बंद झाले, असा सर्वसाधारण समज आहे. कागदपत्रे वेगळे सांगतात. जिंकलेल्या शहरांतले हमाम राजाच्या मालकीचे होत, ते भाड्याने दिले जात आणि त्यांतून चांगले उत्पन्न मिळे. कुएन्का शहर ११७७ मध्ये ख्रिस्ती राजाकडे आल्यावर तिथे जी सनद लागू झाली, तिच्यात सार्वजनिक स्नानगृहाचे वेळापत्रकच आहे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार पुरुषांचे. सोमवार आणि बुधवार स्त्रियांचे. शुक्रवार आणि रविवार ज्यूंचे. दर ठरलेला, नोकरांना आणि मुलांना फुकट. दुसऱ्याच्या दिवशी घुसणाऱ्याला दंड, आणि बायकांच्या दिवशी आत शिरणाऱ्या पुरुषाची तर गय नाही.

इतकेच काय, ख्रिस्ती राज्यांत नवे हमाम बांधले गेले. कातालोनियातल्या जिरोना शहराचा ‘अरबी हमाम’ पर्यटकांचा लाडका आहे, पण त्याची नोंद ११९४ ची आहे आणि बांधकाम रोमनेस्क शैलीचे. तो बांधला तेव्हा जिरोना चार शतके ख्रिस्ती सत्तेखाली होते. वालेन्सियाचा ‘आल्मिरान्ते हमाम’ही बरीच वर्षे अरबी मानला जात होता. शहर १२३८ मध्ये ख्रिस्ती राजाने जिंकले आणि हा हमाम बांधण्याचा परवाना मिळाला १३१३ मध्ये. आराखडा मात्र अस्सल हमामाचा: थंड, कोमट, गरम आणि छतात तारे. बदल होत होत तो १९५९ पर्यंत स्नानगृह म्हणून चालू राहिला.

मग बिनसले कुठे? १४९२ मध्ये ग्रानादा पडले. काही वर्षांतच तिथल्या मुस्लिमांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. या नवख्रिस्ती लोकांना मोरिस्को म्हणत आणि ते मनातून मुसलमानच आहेत असा संशय राज्यकर्त्यांना कायम राही. मग संशय बारीकसारीक सवयींवर येऊन टेकला: कोण कोणते कपडे घालतो, कोणत्या भाषेत बोलतो, शुक्रवारी अंघोळ करतो का. १५२६ मध्ये या सवयींवर बंदी घालण्याचा निर्णय झाला, पण मोरिस्कोंनी मोठी रक्कम मोजून ती चाळीस वर्षे लांबणीवर टाकली. मुदत संपली. १ जानेवारी १५६७ रोजी राजा दुसऱ्या फेलिपेचे फर्मान ग्रानादात जाहीर झाले. अरबी भाषा, अरबी पोशाख, स्त्रियांचा बुरखा आणि हमाम, सगळ्यांवर बंदी.

फ्रान्सिस्को नुन्येस मुले हा वयोवृद्ध मोरिस्को सरदार त्या फर्मानाविरुद्ध ग्रानादाच्या न्यायपीठाच्या अध्यक्षापुढे गेला. तरुणपणी त्याने ग्रानादाच्या पहिल्या आर्चबिशपकडे सेवक म्हणून काम केले होते, म्हणजे दोन्ही बाजू त्याला आतून ठाऊक होत्या. हमामाबाबतचा त्याचा युक्तिवाद खमका होता. हमाम ही गर्दीची आणि घाणीची जागा आहे. मुसलमानी धर्मविधीला स्वच्छता आणि एकांत लागतो. मग कोणी शहाणा लपूनछपून विधी करायला इथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कशाला येईल? शिवाय हमामातले बहुतेक कामकरी ख्रिस्तीच आहेत. हमाम बंद केले तर आजाऱ्यांनी आणि बायकांनी न्हायचे कुठे?

कोणी ऐकले नाही. ग्रानादातले हमाम पाडायला सुरुवात झाली. १५६८ च्या नाताळात आल्पुहारा डोंगरात मोरिस्कोंचे बंड पेटले. १५७१ पर्यंत ते चिरडले गेले आणि ग्रानादाच्या मोरिस्कोंना कास्तिलभर विखरून टाकण्यात आले. १६०९ ते १६१४ या वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्को स्पेनमधून हाकलले गेले. हमामाची खोली, भट्टी आणि पाणी यांत कोणताही दोष निघाला नव्हता. ती सवय कोणाची आहे, यावरून निकाल लागला होता.

काय वाचले आणि का

बंदीनंतर ज्या हमामांना दुसरे काम मिळाले, ते टिकले. हाएनच्या हमामात बंदीच्या कितीतरी आधी, चौदाव्या-पंधराव्या शतकांत, कातडी कमावण्याचा धंदा शिरला होता. पाण्याची सोय, सांडपाण्याचे चर आणि जाड भिंती चर्मकारांना आयत्याच मिळाल्या. मग वाडा आला आणि त्याने खालच्या खोल्या पावसापासून, दगडचोरांपासून आणि नव्या बांधकामांपासून झाकून ठेवल्या.

ग्रानादातल्या दार्रो नदीकाठचा एल बान्युएलो हा हमाम एका खासगी घराखाली राहिला आणि धोबीघाट म्हणून वापरात होता. त्याच्या कोमट खोलीतले स्तंभ बघण्यासारखे आहेत, कारण त्यांची शीर्षे एका साच्यातली नाहीत. काही रोमन, काही व्हिसिगॉथ, काही कोर्दोबाच्या खिलाफतीच्या काळातली. जुन्या इमारतींमधून उचलून इथे बसवलेली. १९१८ मध्ये तो राष्ट्रीय स्मारक झाला आणि दहाएक वर्षांनी लेओपोल्दो तोरेस बाल्बास या वास्तुविशारदाने त्याची दुरुस्ती केली. अल्हाम्ब्रातल्या कोमारेस महालाचा शाही हमाम वाचला, कारण तो राजवाड्याचाच भाग होता आणि राजवाडा ख्रिस्ती राजांनी आपल्यासाठी ठेवून घेतला. प्रजेला जे मना झाले ते राजाच्या घरात शाबूत राहिले. तिथल्या विश्रांतीच्या दालनाचे झगमगीत रंग मात्र एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीचे आहेत. मूळ रंगसंगती ती नव्हे.

सर्वांत अलीकडची हकिगत सेव्हिलची. तिथल्या प्रधान चर्चपासून हाकेच्या अंतरावर एक जुना बार होता. त्याच्या कमानी आणि घुमट १९२० च्या दशकात व्हिसेन्ते त्रावेर या वास्तुविशारदाने अरबी शैलीची नक्कल म्हणून केले, असे सगळे धरून चालले होते. २०२० मध्ये दुरुस्तीसाठी गिलावा खरवडला तेव्हा खालून तारे उघडे पडले: निरनिराळ्या आकारांचे झरोके आणि पांढऱ्या भिंतींवर तांबड्या गेरूची नक्षी. बाराव्या शतकातला अल्मोहाद हमाम तिथे पहिल्यापासून होता. त्रावेरने तो मोडला नव्हता, झाकला होता. शंभर वर्षे लोक त्या खऱ्या हमामात बसून बिअर पीत होते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटायचे कारण नाही. भट्टी, तापलेली फरशी आणि एकामागून एक खोल्या ही रचना सुलतानी आणि मोगली काळात दख्खनमध्येही आली. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमामाचे अवशेष आहेत. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी असलेल्या बऱ्हाणपुरात, तापीकाठच्या शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर अजून रंगीत चित्रकाम दिसते. मोहल्ल्यांपेक्षा आपल्याकडे हमाम राजवाड्यांत जास्त रुजला, आणि म्हणून त्याभोवती शहराची सवय तयार झाली नाही.

स्पेनला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्रानादा, कोर्दोबा आणि सेव्हिलमध्ये आज ‘अरबी हमाम’ अशा पाट्या लावलेली नवी, महागडी स्नानगृहे आहेत. तिथे गरम आणि गार पाण्याचे हौद, मंद दिवे आणि पुदिन्याचा चहा मिळतो. अनुभव सुखाचा असेल, पण हौदात डुंबणे ही रीत रोमची. जुन्या अंदालुसी हमामातला माणूस पाणी ओतून न्हात होता. चालू मोहल्ला-हमाम बघायचा तर जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून फेस किंवा माराकेशला जावे. स्त्री-पुरुषांच्या वेळा वेगळ्या असतात, त्या आधी विचाराव्यात. बादली, पंचा आणि अंग घासायचा खरखरीत हातमोजा आपला आपण न्यावा.

जुनी इमारत समजून घ्यायची असेल, तर प्रवासात तीन ठिकाणे जोडता येतात. रोंदा शहरात जुन्या पुलाजवळ नदीकाठी जो हमाम आहे, तिथे जनावराने ओढायचा रहाट, पाणी वाहून आणणारी कमानदार पन्हळ आणि भट्टीची जागा असा पाण्याचा आणि आगीचा पूर्ण मार्ग एका नजरेत दिसतो. एल बान्युएलो त्याच्या स्तंभांसाठी बघावा. अल्हाम्ब्रा बघायला आलेल्यांना तो पायी अंतरावर आहे. आणि ग्रानादाच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर हाएन. पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवर ते नाही, त्यामुळे तळघरात गर्दी नसते. कोमट खोलीतल्या घुमटाखाली जितका वेळ जाईल तितकाच शेवटच्या गरम खोलीतही द्यावा आणि भट्टी कोणत्या भिंतीपलीकडे होती ते शोधावे. तिथून सुरुवात करून उलट दिशेने बाहेर चालत आले, म्हणजे उष्णता खोलीखोलीतून कशी पुढे जात होती हे नीट उमगते.